पटापूर्वीची सकाळ आणि आपली मुले

तूर खळ्यावरून घरात आली आणि हरभरा घाटे धरू लागला की वऱ्हाडात शंकरपटांचे दिवस येतात. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर-चिखलीकडे आडतीचा व्यवसाय असलेल्या जैन कुटुंबांना या दिवसांत एखादे आमंत्रण ठरलेलेच असते. ज्याचा माल वडिलांच्या काळापासून आपल्या आडतीवर येतो, तो शेतकरी दुकानाची पायरी चढून म्हणतो, "शेठजी, यंदा आपली जोडी पटात हाये. लेकरायले घेऊन या." आमंत्रण प्रेमाचे असते आणि ते मोडवत नाही. घरात मात्र प्रश्न उभा राहतो : लहान मुलांना तेथे न्यावे काय?

शंका निराधार नाही. गर्दी, धूळ आणि गोंगाट असतो. दिवस चढेल तशी कुठे पैज लागते, कुठे मद्याचा वास येतो. त्याहून मोठा प्रश्न बैलांचा. धुरकऱ्याच्या हातातील काठी मुलाच्या नजरेतून सुटत नाही.

तरीही पट सुरू होण्यापूर्वीची सकाळ निराळी असते. बंड्या आणि ट्रॅक्टर शेताच्या कडेला लागतात. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जातात, मोठ्या पातेल्यात वरण शिजते. बैलांना पाणी दाखवले जाते, अंग पुसले जाते, घुंगुरमाळा बांधल्या जातात. दोन गावांची माणसे एका पंगतीत बसतात. कोणत्या जोडीने मागच्या वर्षी किती सेकंदांत पट काढला, याची चर्चा रंगते.

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी असेच दृश्य तेथेही पाहिले असेल. फुटबॉलच्या सामन्यापूर्वी वाहनतळावर मोटारींचे मागचे दार उघडून लोक शेगड्या पेटवतात, एकमेकांना खाऊ घालतात. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात; तेथील आईबापही कडेवरची मुले घेऊन सकाळीच येतात. मद्य तेथेही असते आणि मुलांना आणावे की नाही, हा प्रश्न तेथेही असतो. आपल्याकडे त्यात मुक्या जीवाची भर पडते, म्हणून आपला प्रश्न अधिक अवघड.

कायद्यालाही तो सोपा गेला नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. परंतु कायद्याने मोकळे केलेले सारेच श्रावकाला मोकळे होत नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सर्वांना ठाऊक आहेत : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी तोडणे. हे पाचही जणू गोठ्याकडे पाहूनच सांगितले आहेत.

मेहकरकडील एका आडत्याने यातून आपल्यापुरती वाट काढली. सहा वर्षांच्या नातीला घेऊन तो सकाळीच गेला. डबा घरचा होता : दशम्या, मुगाची उसळ, गाळलेले पाणी. शेतकऱ्याच्या घरच्या बायकांनी आग्रह केला, तेव्हा त्याने रोडगा हाती घेतला आणि डब्यातील दशम्या त्यांच्या पानात वाढल्या. नातीने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि विचारले, "आजोबा, पळताना याला मारतात का?" आजोबांनी क्षणभर शेतकऱ्याकडे पाहिले, पण उत्तर टाळले नाही. "काही जण मारतात, बाळ. मारू नये असा नियम आहे. आणि नियम नसता तरीही मारू नये."

पहिली जोडी जुंपण्यापूर्वी ते उठले. शेतकऱ्याचा चेहरा उतरला. "पट पाहल्याबिगर चालले, शेठजी?" आडत्या म्हणाला, "सकाळ तुझ्यासाठी होती, ती पोटभर झाली. बैल पळताना मात्र आम्हाला पाहवत नाही." शेतकरी काही बोलला नाही. पुढच्या वर्षी आमंत्रण पुन्हा आले, आणि त्यात एक शब्द अधिक होता : "लवकर या."

या वागण्यात इतरांनी घेण्यासारखे बरेच आहे. मुलाचा हात सोडू नये. मूल कोठे हरवल्यास काय करायचे, हे निघण्यापूर्वीच त्याला सांगावे. डबा आपला असावा, पण झाकून खाऊ नये. थंडीत सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तेव्हा परतीची वेळ आधीच ठरवावी. जेथे पैज वा मद्य दिसेल तेथून निमूटपणे निघावे. तेथे उभे राहून इतरांना उपदेश करू नये.

मुलांना घराच्या चार भिंतींत ठेवून व्रत शिकवता येते, पण ते पाळताना माणसे कशी जपायची, हे तेथे शिकवता येत नाही. ज्यांच्या घामावर आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या पंगतीला बसणे आणि जेथे मन मानत नाही तेथून हात जोडून उठणे, ही दोन्ही कामे मुलाने वडीलधाऱ्यांना करताना पाहिली पाहिजेत. उद्या ते पुण्यात असो वा परदेशात, मित्रांच्या मेळाव्यात केव्हा बसावे आणि केव्हा उठावे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागणार आहे.