शून्य टक्के, शंभर टक्के

रिस्टोअर फार हळू चाललाय, असं सांगणारा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठं हळू चाललाय? पलीकडचा माणूस जरा थबकतो. त्याच्या लेखी रिस्टोअर हे एकच काम असतं. कमांड दिली, टक्के चढले, शंभर भरले की डीबी उठली. खरं तर दोन-तीन टेराबाइटचा डेटाबेस असेल तर त्या एका कमांडच्या पोटात चार-पाच निरनिराळी कामं असतात. एखादं नेटवर्कवर अडतं, एखादं डिस्कवर, एखादं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर. नेटवर्कवर अडलेल्या रिस्टोअरला जादा मेमरी देऊन काहीही होत नाही. तरीही सर्व्हरची मेमरी वाढवायची परवानगी मिळवण्यात अर्धी रात्र गेली, असे कॉल मी ऐकले आहेत.

म्हणून आधी कागदावर भागाकार करावा. एक गिगाबिटचं नेटवर्क सेकंदाला जास्तीत जास्त 125 एमबी वाहून नेतं. दोन टीबीची फाइल त्यावरून आणायची तर सोळा हजार सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ साडेचार तास, आणि तेही सगळं सुरळीत चाललं तर. अशा ठिकाणी रिस्टोअरला पाच तास लागत असतील तर त्यात शोधण्यासारखं काही नाही. तिथं दहा गिगाबिटचं कार्ड हवं, किंवा बॅकअप मुळातच कॉम्प्रेस करून घेतलेला हवा, म्हणजे तारेवरून कमी डेटा येईल. हिशोब साडेचार तास सांगतोय आणि प्रत्यक्षात वीस तास उलटलेत, असं असेल तरच पुढे खोदण्यात अर्थ आहे. दोन मिनिटांचा हा हिशोब घाईत राहून जातो, कारण त्या वेळी कॉलवर दहा जण असतात आणि त्यातले नऊ जण फक्त टक्के विचारत असतात.

एसक्यूएल सर्व्हरचा शून्य टक्का मी भल्याभल्यांना घाबरवताना पाहिला आहे. एका कंपनीच्या कामात टीममधल्या नव्या मुलानं रात्री विचारलं होतं, "सर, तासाच्या वर झालं, अजून शून्यावरच आहे. मारून परत लावू का?"

"मारू नकोस. तो कशासाठी थांबलाय ते आधी बघ."

त्यानं वेट पाहिला. नाव लांबलचक होतं, शेवटी 'राइटफाइलगॅदर' असं काहीतरी. तिथंच उत्तर होतं. बॅकअपमधलं पहिलं पान वाचण्याआधी सर्व्हरला डिस्कवर फाइली तयार कराव्या लागतात, आणि डेटाफाइलमध्ये तो आधी सगळीकडे शून्यं लिहीत जातो. त्या जागेवर पूर्वी कुणाच्या पुसलेल्या फाइली असतील तर त्यातलं काही नव्या डेटाबेसमधून वाचता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तीन टीबीची फाइल आणि सेकंदाला 200 एमबी लिहिणारी डिस्क असेल तर हेच काम चार तासांवर जातं. या काळात टक्केवारी शून्यावरून हलत नाही, कारण ती बॅकअपमधून किती वाचलं एवढंच मोजते. मधेच मारून परत लावलं, तर आतापर्यंत झालेलं सगळं लिखाण वाया जाऊन पहिल्यापासून सुरुवात होते.

यावर उपाय जुना आहे. 2005 च्या आवृत्तीपासून इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशनची सोय आहे. सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्याला विंडोजमधला एक अधिकार दिला की डेटाफाइलीत शून्यं लिहिणं टळतं. 2016 पासून तर इन्स्टॉल करतानाच त्याची चौकट समोर येते, फक्त टिचकी मारायची. पण रिस्टोअर करताना ही सवलत लॉगफाइलला मिळत नाही. रिस्टोअरमध्ये लॉगफाइल पूर्ण लांबीची तयार होते आणि तिच्यात शून्यं लिहावीच लागतात. कधी काळी एखाद्या मोठ्या डिलीटमुळे लॉग 500 जीबीपर्यंत फुगला आणि नंतर कुणी तो आवरला नाही, तर आज त्यात काही नसलं तरी ते 500 जीबी प्रत्येक रिस्टोअरला लिहावे लागणार. बॅकअपची फाइल लहान दिसते म्हणून माणसं बेसावध राहतात. रिस्टोअर मात्र मूळ फाइलींच्या आकाराएवढी जागा मागतो, आणि लॉगच्या आकाराएवढा वेळसुद्धा.

त्या रात्री शून्याचा अडसर सरला आणि टक्के भराभर चढले. पहाटे शंभर भरले. डीबी काही उठली नाही. शंभर टक्क्यांवर थांबलेला रिस्टोअर शून्यावर थांबलेल्यापेक्षा जास्त छळतो, कारण तोवर सगळ्यांना निरोप गेलेले असतात. शंभर टक्के म्हणजे बॅकअपमधली पानं डिस्कवर उतरली, एवढंच. बॅकअप चालू असताना डेटाबेस वापरात असतो, त्यामुळे उतरलेली पानं वेगवेगळ्या क्षणांची असतात. ती एका क्षणावर आणण्यासाठी त्या काळातला लॉग पुन्हा चालवावा लागतो, आणि मग जे व्यवहार तेव्हा अर्धवट होते ते उलटे फिरवावे लागतात. पहिलं काम रीडू, दुसरं अनडू. त्यात लॉग जर वर्षानुवर्षं थोडाथोडा वाढत हजारो तुकड्यांत विभागला गेला असेल, तर त्या तुकड्यांची यादी बनवण्यातही वेळ जातो.

दुसऱ्या दिवशी बॅकअपची वेळ तपासली. महिनाअखेरची मोठी बॅच रात्री एक वाजता सुरू व्हायची आणि फुल बॅकअपही एक वाजताच. बॅच लाखो ओळी बदलत होती, आणि तो सगळा लॉग बॅकअपच्या पोटात जात होता. शिवाय बॅकअप संपला त्या क्षणी बॅचचा एक लांबलचक व्यवहार उघडाच होता. रिस्टोअरमध्ये तो आधी पुढं चालवला गेला आणि नंतर पूर्ण मागं फिरवला गेला. बॅकअपची वेळ बदलून बॅच संपल्यानंतरची केली, आणि शंभर टक्क्यांनंतरचा तो मुक्काम जवळजवळ नाहीसा झाला. सर्व्हर तोच, डिस्क तीच, एक पैसाही खर्च झाला नाही.

त्या घटनेनं माझं एक मत पक्कं झालं आणि नंतरच्या प्रत्येक कामानं ते आणखी घट्ट केलं. रिस्टोअरचा वेग रिस्टोअरच्या रात्री ठरत नाही. बॅकअप कुठल्या स्वरूपात, कुठल्या वेळी आणि कुठल्या जागी ठेवायचा हे ज्या दिवशी ठरवलं, त्याच दिवशी तो ठरलेला असतो. संकटाच्या रात्री आपल्या हातात उरतं ते फार थोडं.

पोस्टग्रेसमध्ये हे स्वच्छ दिसतं. पीजी_डंपनं साधी एसक्यूएल फाइल काढली, तर ती परत भरताना एकच सेशन ओळीनं सगळं चालवतं. सर्व्हरला 32 कोअर असले तरी काम एकच करतो. तोच डंप कस्टम किंवा डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये घेतला असता तर पीजी_रिस्टोअरला जे-आठ सांगून आठ कामगार लावता आले असते. ही निवड डंप घेताना करायची असते. आगीच्या रात्री हातात एसक्यूएलची एकच फाइल असेल तर तो रस्ता बंद झालेला असतो. आणि आठ कामगार लावले म्हणजे आठपट वेग, असंही नाही. एका टेबलातला डेटा एकच कामगार भरतो. डेटाबेसचा सत्तर टक्के भाग जर व्यवहारांच्या एकाच टेबलात असेल, तर बाकीचे सात लवकर मोकळे होतात आणि एकटा तासन्तास भरत बसतो. तेच टेबल महिन्यांनुसार पार्टिशन केलेलं असेल तर प्रत्येक पार्टिशन वेगळं टेबल म्हणून वाटलं जातं. पार्टिशनची चर्चा नेहमी क्वेरीच्या वेगाच्या अंगानं होते. रिस्टोअरसाठीही ते हवं, असं मी डिझाइनच्या बैठकीत मुद्दाम बोलतो.

डेटा भरून झाला की खरा वेळ खाणारं काम सुरू होतं. डंपमध्ये इंडेक्सचा डेटा नसतो, फक्त इंडेक्स बांधण्याची आज्ञा असते. प्रत्येक इंडेक्ससाठी अख्खं टेबल वाचायचं, सॉर्ट करायचं, लिहायचं. या कामाला मिळणारी मेमरी, मेंटेनन्स_वर्क_मेम, मुळात 64 एमबी असते. एवढ्यात शेकडो जीबीचं सॉर्ट करायचं म्हटलं की ते डिस्कवर सांडतं. रिस्टोअरपुरती ती एक-दोन जीबी करावी. मात्र आठ कामगार असतील तर ती आठांना लागू होते हे धरून. मॅक्स_वॉल_साइझ मुळात एक जीबी असतं, तेही वाढवावं, नाहीतर चेकपॉइंट इतके लागोपाठ होतात की संदेशांच्या लॉगमध्ये सर्व्हर स्वतःच तशी तक्रार नोंदवतो. 11 व्या आवृत्तीपासून बी-ट्री इंडेक्स समांतर बांधता येतो, आणि 12 व्या आवृत्तीपासून इंडेक्सचं काम कुठवर आलंय ते एका व्ह्यूमध्ये दिसतं. या दुसऱ्या सोयीचं मोल मला जास्त वाटतं. कामगार जिवंत आहे आणि पुढं सरकतोय हे डोळ्यांनी दिसलं की कुणी तो मारायला जात नाही.

एफसिंक, म्हणजे लिखाण डिस्कवर पोचल्याची खात्री करून घेणं, बंद करून रिस्टोअर पळवायचा सल्लाही मिळतो. वेग खरोखर वाढतो. चाचणीच्या सर्व्हरवर मी ते करू देतो, कारण मध्येच वीज गेली तर सगळं फेकून पुन्हा भरता येतं. प्रॉडक्शनच्या संकटात मी त्याला परवानगी देत नाही. आधीच थकलेल्या माणसांनी पहाटे ती सेटिंग परत चालू करायची लक्षात ठेवावी, यावर मी कुणाचा डेटा टांगणार नाही.

डंप सोडून फाइलींची थेट प्रत आणि त्यावर वॉल, म्हणजे पोस्टग्रेसचा बदलांचा लॉग, असा फिजिकल बॅकअप असेल तर इंडेक्स बांधावे लागत नाहीत. मोठ्या डेटाबेसला हाच मार्ग योग्य. पण त्याचीही एक मेख आहे. दिवसभर शेकडो कनेक्शन मिळून जो लॉग लिहितात, तो रिकव्हरीत एकच प्रोसेस क्रमानं वाचत जाते. बेस बॅकअप रविवारचा आणि अपघात शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आठवड्याभराच्या लिखाणाचं ओझं त्या एकटीवर. त्यातही 16 एमबीचा एकेक तुकडा दूरच्या साठ्यावरून मागवून घ्यावा लागत असेल तर ती प्रोसेस निम्मा वेळ नुसती वाट बघत असते. पीजीबॅकरेस्टसारखी साधनं पुढचे तुकडे आधीच आणून ठेवतात. ती सोय चालू आहे का, एवढं पाहिलं तरी अनेकदा गाडी सुटते. आणि बेस बॅकअप आठवड्यातून एकदाच का, हा प्रश्न त्याहून आधी विचारावा.

साठवणुकीची जागा हा असाच आधी ठरून गेलेला विषय. डीडुप्लिकेशन करणारी उपकरणं तोच तुकडा दुसऱ्यांदा साठवत नाहीत, म्हणून बॅकअप स्वस्त पडतो. परत वाचताना मात्र विखुरलेले तुकडे गोळा करावे लागतात. क्लाउडमध्ये स्नॅपशॉटपासून बनवलेला ईबीएस व्हॉल्यूम लगेच तयार दिसतो, पण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला जाईल तेव्हा मागून येतो. डीबी उठते आणि सगळ्या क्वेरी रांगत असतात. जुन्या जीपी2 डिस्कवर आणखी एक खूण मी शिकलो. हजार जीबीहून लहान डिस्क साठवलेल्या श्रेयावर 3000 आयओपीएसनं किमान अर्धा तास पळते, आणि श्रेय संपलं की जीबीमागे तीनवर येते. शंभर जीबीची डिस्क असेल तर 300. पहिला अर्धा तास सुसाट आणि मग एकदम कोसळलेला आलेख दिसला की क्वेरी तपासत बसू नये, डिस्कचं श्रेय बघावं.

साठवणुकीच्या जागेचंच एक उदाहरण. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. साधारण 300 जीबीमधले साडेचार जीबी उरले. पीजी_डंपचे बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हते, आणि हे कुणाला कळलं नव्हतं. योगायोगानं सहा तासांपूर्वी चाचणीच्या सर्व्हरसाठी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर सगळं तरलं. कंपनीनं सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, याबद्दल आमच्या व्यवसायानं तिचे आभार मानायला हवेत. लोकांच्या लक्षात न झालेले बॅकअप राहिले. माझ्या लक्षात राहिली ती नंतर तो डेटा परत आणतानाची नक्कल. एक गिगाबिटच्या तारेवर 300 जीबी चाळीस मिनिटांत जायला हवेत. त्यांना सुमारे अठरा तास लागले, कारण तो स्नॅपशॉट चाचणीच्या मंद डिस्कवर होता. त्या डिस्कवरून कधी काळी प्रॉडक्शन उभं करावं लागेल, हे ती घेताना कुणाच्या मनात आलं नसणार.

पुण्यात बॅकअपवर काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. व्हेरिटासचं मोठं संशोधन केंद्र इथं उभं राहिलं, द्रुवा ही कंपनी 2008 मध्ये इथंच सुरू झाली. तरीही इथल्या कंपन्यांत मी "बॅकअप रोज होतो का?" हा प्रश्न ऐकतो आणि "रिस्टोअरला किती वेळ लागतो?" हा फार क्वचित. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2023 च्या माहिती-तंत्रज्ञानविषयक निर्देशांत बँकांना बॅकअप घेऊन तो ठरावीक काळानं रिस्टोअर करून पाहायला सांगितलं आहे. नियम चांगला आहे. पण तो पाळताना सोयीचा म्हणून लहानसा डेटाबेस निवडला, तर फाइल शाबूत आहे एवढंच कळतं. मोठ्याला किती तास लागतील ते त्यातून कळत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा डेटाबेस निवडा, वेगळ्या मशीनवर तो रिस्टोअर करा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी लिहून ठेवा: फाइली तयार व्हायला किती, डेटा उतरायला किती, लॉग चालायला किती, इंडेक्स बांधायला किती, आणि पोस्टग्रेस असेल तर शेवटच्या ॲनालाइझला किती. ॲनालाइझ राहून गेलं तर डीबी उठूनही प्लॅन चुकतात आणि लोक रिस्टोअरला दोष देतात. तो कागद व्यवसाय सांभाळणाऱ्यांपुढे ठेवा. नऊ तास लागत असतील तर नऊ तास सांगा, आणि नऊ तास परवडणार नाहीत असं ते म्हणाले तर बॅकअपची रचना बदलायला त्याच बैठकीत पैसे मागा.