गोधडीचे मोल

गोधडी ही आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी नांदणारी वस्तू. जुनी लुगडी, धोतरे, नातवंडांचे विरलेले सदरे एकावर एक अंथरून एकसारख्या धावदोऱ्याने जोडण्याची ही कला येथील आज्या कोणत्याही शाळेत शिकलेल्या नाहीत. अशा हस्तकलेच्या वस्तू विकून एखाद्या सेवाकार्याला हातभार लावण्याची कल्पना निघते, तेव्हा बहुतेकांचे लक्ष जमणाऱ्या रकमेकडे जाते. एक डॉक्टर म्हणून मला त्यात आणखी एक लाभ दिसतो. सदैव घेणाऱ्या हाताला देणारा हात होता येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या लोहारा-उमरगा भागात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात मदतीचा मोठा ओघ आला. त्या मदतीने असंख्य संसार सावरले. तरीही केवळ घेत राहण्याने माणूस आतून खचतो. वार्धक्यात हे अधिक जाणवते. औषध मुलगा आणतो, ताट सून वाढते, पाणी नात देते. सारे काही प्रेमाने होत असते. पण ‘आता माझा उपयोग तरी काय?’ हा प्रश्न मनात घर करतो. दवाखान्यात मी तो वारंवार ऐकतो आणि त्यावर माझ्याजवळ गोळी नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातील यित्का सामकोवा या सात वर्षांच्या मुलीने कृतज्ञतेपोटी एक चित्र काढले. १९४९ मध्ये तेच युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र झाले आणि पुढे अशा पत्रांच्या विक्रीतून जगभरातील मुलांसाठी निधी उभा राहिला. त्याच वर्षी बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेले हात हातमागावर कापड विणू लागले, शुभेच्छापत्रे करू लागले. समाजाने ज्यांच्यापुढे केवळ भीक टाकली होती, त्यांच्या हातच्या वस्तू लोक मोल देऊन घरी नेऊ लागले.

ज्येष्ठांना अशा कामात गुंतवताना प्रकृतीचे भान मात्र राखावे. शिवण दिवसाच्या उजेडात करावी. सुईत दोरा ओवताना धूसर दिसत असेल, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे; गुडघे दुखत असल्यास जमिनीऐवजी खुर्ची-मेज वापरावे. कुष्ठरोगाप्रमाणेच दीर्घकाळच्या मधुमेहातही नसा बधिर होऊ शकतात आणि सुई टोचलेली कळत नाही. अशा व्यक्तींनी बोटात अंगुस्तान घालावे आणि रोज रात्री घरच्यांनी त्यांची बोटे पाहावीत. जखम लहान असली तरी ती अंगावर काढू नये.

व्यवहारही स्वच्छ असावा. कापड-दोऱ्याचा खर्च, करणाऱ्याचा मोबदला आणि सेवाकार्याचा वाटा आधीच ठरवावा. आजीने आपखुशीने सगळी रक्कम दिली, तर ते तिचे दान. तिला न विचारता तिचे श्रम फुकट धरले, तर तो तिच्यावर अन्याय. घेणाऱ्यानेही दया म्हणून नव्हे, तर टाके पाहून, ऊब अजमावून गोधडी घ्यावी. दयेपोटी घेतलेली वस्तू माळ्यावर पडते. आवडीने घेतलेली अंगावर पांघरली जाते आणि दुसरीची मागणी येते.

घरच्यांनी एवढे एक आवर्जून करावे. रक्कम पोहोचल्याची पावती आजीच्या नावाने मागून घ्यावी आणि ती तिला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवावी.