खिडकीबाहेरची रुई

ह्यांचा इंतकाल झाला तेव्हा पावसाळा सरत आला होता. चार महिने दहा दिवसांची इद्दत मी नया नगरातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात काढली. खिडकीबाहेर, कंपाउंडच्या भिंतीला लागून रुईचं झुडूप आहे. हे दरवर्षी म्हणायचे, “काढून टाकायला हवं, मुलांच्या डोळ्यांत चीक जाईल.”

एका सकाळी कुराणशरीफ मिटून बाहेर पाहिलं, तर एक भगव्या रंगाचं फुलपाखरू त्या पानांवर घुटमळत होतं. पंखांना काळी किनार, टोकांना पांढरे ठिपके. नातवाने मोबाइलमध्ये शोधून सांगितलं, “दादी, ही प्लेन टायगर.” मादी पानाखाली एकेक अंडं ठेवून जात होती. थोड्या दिवसांनी अळ्या दिसल्या. काळे-पांढरे-पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ज्या चिकाची आपल्याला भीती, त्याच पाल्यावर त्या पोसतात! आधी पानाची शीर कुरतडून चीक गळू देतात, मग निवांत खातात. त्यातलं विष अंगात साठतं आणि फुलपाखरू झाल्यावरही राहतं. एकदा चाखलेला पक्षी सहसा पुन्हा वाटेला जात नाही. म्हणूनच ते इतकं सावकाश उडतं. दुसऱ्या एका जातीची बिनविषारी मादी तर जीव वाचवायला हुबेहूब हाच पेहराव करते. “कॉपी!” नातू हसला. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

मिसरमध्ये नेबामून नावाच्या माणसाच्या सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या थडग्यातल्या चित्रातही हे फुलपाखरू आहे म्हणे. चित्रात तो बायको-मुलीला घेऊन पाणथळीत शिकारीला निघालाय. ते चित्र मी खूप वेळ पाहत बसले.

अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो. तिसऱ्या महिन्यात भिंत रंगवायची म्हणून माणूस कोयता घेऊन आला. मला बाहेर जाता येईना. सुनेला पाठवलं, पण तो ऐकेना. नेमका शनिवार होता. शांतीनगरातून एक बाई दर शनिवारी मारुतीच्या माळेसाठी इथली पानं न्यायला येतात. त्याच पुढे झाल्या, “अरे, मग मी पानं कुठून आणू?” अर्धी भिंत बिनरंगाची राहिली.

इद्दत संपली त्या दिवशी अस्रनंतर मी बाहेर पडले. एक पान हळूच उलटलं. खाली हिरवा कोष लटकत होता, त्यावर बारीक सोनेरी ठिपके. बोटांना चीक लागला. नळावर हात धुतले आणि सुनेबरोबर भाजी आणायला गेले.