स्पितीची खडी : काझा ते ग्रांफू

सोमवार. काझा, लांगझा, हिक्किम, कोमिक

मागच्या भागात मलिंग नाल्याची दरड ओलांडून ताबोमार्गे काझ्याला पोचलो होतो. तिथवर रस्त्याने धूळ पुष्कळ खाऊ घातली, तरी डांबराची साथ पुरती सुटली नव्हती. इथून पुढे ती सुटणार. म्हणून आज सामान खोलीवर ठेवलं आणि रिकाम्या गाड्या घेऊन वरच्या गावांकडे निघालो.

माझी गाडी सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. 249 सीसी, पुढचं चाक 19 इंची, मागचं 17, दोन्ही अलॉय. वजन 167 किलो, जमिनीपासूनची उंची 205 मिलिमीटर. रूप अ‍ॅडव्हेंचरचं असलं तरी घडण डांबरावर लांब पल्ला मारण्याची. भाच्याकडे हिमालयन 450 आहे, पुढे 21 इंची चाक असलेली. "मामा, तुझी गाडी या रस्त्याची नाही," हे तो शिमल्यापासून सांगतोय. मला ते पटत नाही. गाडीला किती झेपतं हे नीट माहीत असलं आणि त्याप्रमाणे वेग, निघायची वेळ आणि टायरमधली हवा ठरवली, तर असल्या गाडीवरही स्पिती मजेत होते. या भागात मला तेच दाखवायचं आहे.

सकाळी आधी हवा तपासली. चंदीगडला भरलेली हवा इथे मापकावर वाढलेली दिसते. बाहेरच्या हवेचा दाब चंदीगडच्या मानाने चार-पाच पीएसआयने कमी झालेला असतो आणि मापक फक्त आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. थंडीमुळे त्यातला थोडा परत उतरतो, तरी टायर हवा तितका मऊ राहत नाही. कडक टायर खडीवर टणाटण उडतो. म्हणून डांबरावरच्या मापापेक्षा पाच पीएसआय कमी ठेवली. याहून खाली मी जात नाही. तारांचं चाक धोंड्यावर आपटलं तर लवतं, वाकलेली तार बदलता येते. अलॉयची कड मात्र चेपली की ट्यूबलेस टायर हवा सोडायला लागतो, आणि काझ्यात ती सरळ करून कोण देणार?

लांगझाच्या चढावर उभ्याने चालवली. उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो असं सगळीकडे ऐकू येतं, पण शरीर तर वर गेलेलं असतं! खरा फायदा निराळा आहे. बसलेलो असताना आपलं सगळं ओझं सीटला जखडलेलं असतं, मागचं चाक धोंड्यावर उडालं की गाडीबरोबर आपणही उडतो. फूटपेगवर उभं राहिलं की दणका गुडघे सोसतात, गाडी पायांखाली हवी तशी झुकते आणि आपण सरळ राहतो. माझ्या गाडीचं हँडल बसून चालवण्याच्या मापाचं असल्याने उभं राहताना कमरेत वाकावं लागतं आणि नकळत भार मनगटांवर येतो. निघण्यापूर्वी पुण्यात हँडलखाली राइझर बसवून घेतले, त्यांचं आज चीज झालं.

लांगझात मुलं हातात जीवाश्म घेऊन येतात. हा सगळा भाग एके काळी टेथिस समुद्राचा तळ होता, शंखासारखे वळलेले अमोनाइट इथल्या दगडांत सापडतात. आम्ही पाहिले आणि परत दिले. ते इथेच राहिलेले बरे.

मंगळवार. काझा, किब्बर, चिचम, किआटो, लोसर

काझ्याला टाकी काठोकाठ भरली. बारा लिटरची आहे आणि पुढे बातल-छत्रूच्या वाटेवर पंप नाही.

लोसरला खालून हमरस्त्याने जाता येतं. आम्ही की गोम्पा, किब्बर आणि चिचमच्या पुलावरून वरच्या पठाराची वाट धरली. पूल 2017 साली खुला झाला. त्याआधी दोन गावांमधली खोल दरी लोक दोरावरच्या पाळण्यातून ओलांडत. पुलावर थांबून खाली पाहिलं. नदी दिसायला कठड्यावरून बरंच वाकावं लागलं.

पुलापलीकडे कच्चा रस्ता. जीपगाड्यांनी दोन चाकोऱ्या दाबून टणक केल्यात, मधल्या उंचवट्यावर आणि कडेला सुटी रेव. गोटीएवढे खडे, खाली पिठासारखा फुफाटा. चाकोरीत गाडी छान धावते. पंचाईत होते ती एका चाकोरीतून दुसरीत जाताना. पुढचं चाक रेवेत शिरलं की डावी-उजवीकडे हलायला लागतं आणि हात आपोआप हँडल आवळतात. इथेच गाडी पडते. पळत्या चाकाला स्वतःहून सरळ होण्याची ओढ असते, पुढचा फोर्क तिरका असतो तोही त्यासाठीच. हँडल आवळून धरलं की आपण चाकाला ते करू देत नाही. दहीहंडीत खालच्या थरातला गडी ताठ न राहता जसा अंगाने थोडा डुलत भार पेलतो, तसं अंग सैल ठेवायचं. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर, मुठी हलक्या, नजर वीस-तीस मीटर पुढे. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. आणि रेस सोडायची नाही. रेस सोडली की भार पुढे येतो, पुढचं चाक रुततं. किंचित रेस चालू असली की भार मागे राहतो आणि पुढचं चाक रेवेवरून तरंगत निघतं.

पठारावर एका सपाट टप्प्यात रस्त्याला आडव्या लाटा पडलेल्या होत्या, हातभर अंतराने एकामागून एक. याचा दोष जड ट्रकांना दिला जातो. पण वाळूच्या गोल पट्टीवर नुसतं एक चाक फिरवून शास्त्रज्ञांनी दाखवलंय की इंजिन नसलं, स्प्रिंग नसली तरी ठरावीक वेगाच्या वर गेलं की लाटा उठतातच. मोठ्या सस्पेन्शनची गाडी वेगाने लाटांच्या माथ्यांवरून उडत जाते. माझ्या गाडीने तसं केलं तर नट-बोल्ट ढिले होतात आणि वळणावर चाक जमिनीला धड टेकतही नाही. मी दुसऱ्या गिअरमध्ये, कडेच्या न दाबलेल्या पट्टीवरून गेलो. भाचा धूळ उडवत पुढे निघून गेला आणि किआटोला चहा मागवून बसला. हरकत नाही, चहा गरम होता.

बुधवार. लोसर, कुंझुम, चंद्रताल

लोसर सोडलं की रस्ता कुंझुमला चढतो. खिंडीची उंची साडेचार हजार मीटरच्या वर. तिथे हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही विरळ. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण जो प्राणवायूच नाही तो आणणार कुठून? साडेसव्वीस पीएसच्या इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेली असं धरून चालायचं. सामानासह पहिल्या गिअरमध्ये, क्लच न जाळता, वळणावर न थांबता चढायचं. मोकळ्या खडीच्या चढावर थांबलं की पुन्हा निघताना मागचं चाक नुसतं खणत बसतं.

वर कुंझुम मातेच्या मंदिराला गाडीसह प्रदक्षिणा घालायची प्रथा आहे. ट्रकवालेही घालतात. आम्हीही घातली. समोर चंद्रभागेची शिखरं आणि बडा शिगरीच्या बाजूची हिमनदी. या खिंडीच्या एका अंगाचं पाणी स्पितीतून सतलजला मिळतं, दुसऱ्या अंगाचं चंद्रेतून चिनाबला.

उतार चढापेक्षा अवघड होता. माझ्या गाडीचा एबीएस बंद करता येत नाही. मोकळ्या खडीवर चाक अडकलं तर पुढे खडीचा ढीग साचून गाडी थांबते. एबीएस चाक अडकूच देत नाही, त्यामुळे थांबायला जास्त अंतर लागतं. काही जण फ्यूज काढून टाकतात. मी काढत नाही, कारण हाच एबीएस ओल्या डांबरावर जीव वाचवतो. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर, वेग इंजिनाने धरायचा, मागचा ब्रेक हलका, पुढचा एका बोटाने आणि तोही गाडी सरळ असतानाच. वळणाच्या आत ब्रेक लावायची पाळी येणार नाही इतका वेग आधीच उतरवायचा.

बातलच्या अलीकडून चंद्रतालचा फाटा फुटतो. एकाच गाडीची वाट, एका हाताला खोल उतार, आंधळी वळणं. प्रत्येक वळणाआधी हॉर्न. तळ्याकाठी तंबू ठोकायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, ही रामसर पाणथळ जागा आहे. तंबू अलीकडे आहेत, तिथे मुक्काम.

गुरुवार. बातल, छत्रू, ग्रांफू

पहाटे अंधारात उठलो. इथलं सगळं गणित पाण्याचं. वरचं बर्फ दिवसभर वितळतं आणि नाले दुपारनंतर फुगतात. सकाळी जिथे घोटाभर पाणी, तिथे चारला मांडीभर. मोठ्या चाकाची गाडी दुपारी निघूनही कदाचित पार होईल. माझ्या गाडीने सहालाच निघायला हवं.

बातलला चाचा-चाचींच्या ढाब्यावर चहा आणि पराठा. बर्फात अडकलेल्या प्रवाशांना या ढाब्याने कित्येकदा आसरा दिलाय. चाचींनी गाडीकडे पाहून एवढंच सांगितलं, "पानी में पत्थर गोल है, रुकना मत."

पुढचा टप्पा रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त. नारळाएवढे गोटे, मधून वाहणारे ओहोळ. एका रुंद नाल्यापाशी बूट न काढता चालत पलीकडे गेलो. पाणी पोटरीपर्यंत, इतकं गार की परतताना बोटं जाणवेनात. डाव्या बाजूला पाणी खळाळत होतं, म्हणजे तिथे उथळ. उजवीकडे संथ आणि गडद, म्हणजे खोल. गोट्यांवर हिरवट शेवाळं. खळाळती बाजू पक्की केली, गाडीवर आलो, पहिला गिअर टाकला. पुढचं चाक एका गोट्यावर चढून डावीकडे घसरलं, इंजिनाखालच्या पत्र्यावर खणकन आवाज झाला, मागचं चाक क्षणभर फिरून पकडलं. रेस तशीच धरून ठेवली आणि नजर पलीकडच्या काठावरच्या पांढऱ्या धोंड्यावर. बाहेर आल्यावर आधी ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवले. पत्रा पाहिला. बोटभर खोल पोचा पडला होता. तो पत्रा नसता तर तोच दणका ऑइल फिल्टरला बसला असता.

भाचा पाण्याच्या मध्यावर बंद पडला. गाडी पडली नाही. मी परत पाण्यात उतरून मागून ढकललं. काठावर आल्यावर लगेच स्टार्टर मारू दिला नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर उघडून पाहिला, कोरडा होता. मग चालू केली. "मामा, तुझी गाडी या रस्त्याची आहे," तो म्हणाला. नाला सगळ्यांना सारखाच असतो, मी म्हटलं.

छोटा दाराच्या पुढे मटारांच्या गोण्यांनी भरलेली पिकअप आमच्या पुढे थबकली. चालकाने आम्हाला वाट दिली. स्पितीचा हिरवा मटार याच वाटेने मनालीच्या बाजाराला जातो. हा रस्ता असाच कच्चा राहावा असं आमच्यासारख्या गाडीवाल्यांतले बरेच जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्यांचं वर्षाचं पीक या गोट्यांवरून हादरत जातं, त्यांना डांबर मिळालंच पाहिजे. आम्हाला कच्चे रस्ते दुसरीकडेही मिळतील.

छत्रूला राजमा-चावल खाल्ला. ग्रांफूला मनाली-केलाँग रस्ता लागला. तिथे पंपाने हवा पुन्हा डांबराच्या मापाला आणली. मऊ टायर वेगाने पळवला की तापतो. कोकसरवरून अटल बोगद्यातून मनाली. नऊ किलोमीटरचा बोगदा, 2020 मध्ये खुला झालेला.

शुक्रवार. मनाली

दिवसभर गाडीची सेवा. चेन रॉकेलने धुतली. आधीच्या तेलात फुफाटा मिसळून घासायची पेस्ट झाली होती. फोर्कच्या नळ्यांवरची धूळ मऊ फडक्याने पुसली, नाहीतर सील कापतात. सामानाच्या रॅकचे दोन बोल्ट ढिले निघाले. पुढचे ब्रेक पॅड जवळजवळ संपलेत. इथल्या दुकानात ते नाहीत, चंदीगडहून रात्रीच्या बसने येतील. ते बसवल्यावरच केलाँग आणि शिंकू ला. पुढचा भाग तिथून.