मलिंगार ते क्लोंड्रा : आमची क्रूझ

क्रूझला जायचं आमचं फार वर्षं ठरत होतं. ठरत होतं म्हणजे काय, तर दर दिवाळीला फराळाच्या ताटावर विषय निघायचा आणि चकल्या संपल्या की विषयही संपायचा. मलिंगारमध्ये आमच्या घसटीतली मराठी घरं मोजून तीन. एक आमचं : आम्ही, सौ. आणि बारा वर्षांची कन्या. दुसरं पुणेकरांचं : ते, वहिनी आणि त्यांचा मुलगा. तिसरे आमचे नागपूरकर, अजून ब्रह्मचारी, त्यामुळे दोन्ही घरी जेवायला हक्काने हजर.

ज्यांना मलिंगार ठाऊक नाही (म्हणजे बहुतेक वाचकांना) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डब्लिनच्या पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर, वेस्टमीथ काउंटीचं हे मुख्य गाव. दोन उंच मनोऱ्यांचं कथीड्रल, भर चौकात जो डोलन या गायकाचा पुतळा, आणि गावाबाहेर ओवेल आणि एनेल ही दोन मोठी तळी. आमच्या कन्येच्या मते गावाचं महत्त्व एवढंच, की 'वन डायरेक्शन'मधला नायल होरन इथला. समुद्र मात्र कुठूनच दिसत नाही. आयर्लंडच्या नकाशावर मधोमध बोट ठेवलं तर ते आमच्या आसपासच पडतं. क्रूझची हौस असलेल्या माणसांनी राहावं असं हे गाव नव्हे!

२०२४ साली मात्र आम्ही हट्टाला पेटलो. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, नेपल्स करत परत, सात दिवस. तयारीच्या तीन मीटिंगा झाल्या. पुणेकरांनी कोणी काय आणायचं याचा तक्ता केला. त्यात 'चिवडा' आणि 'इमर्जन्सी चिवडा' अशा दोन वेगळ्या ओळी होत्या. नागपूरकरांनी बोटीवरच्या बुफेचे फोटो रोज पाठवून आमचा जीव नकोसा केला. वहिनींनी समुद्र लागू नये म्हणून आवळा सुपारी, आलेपाक, लिंबं, असा दवाखानाच जमवला.

आणि गाडी अडली व्हिसावर. मे महिन्यात आमची आई तीन महिन्यांसाठी इथे आली होती. तिला मिळालेला व्हिसा आयर्लंडचा; आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, म्हणजे बार्सिलोनासाठी तिला वेगळा व्हिसा हवा. त्याची तारीख काही केल्या मिळेना. आईला एकटीला ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. क्रूझ रद्द. आम्ही सगळे हिरमुसलो, आणि आई मात्र त्या दिवशी चक्क शिरा करायला घेते!

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की क्रूझच्या एवढ्या गोंधळात आईला कोणी विचारलंच नव्हतं.

आईचा जन्म १९४८ चा, रेवदंड्याचा. त्याच्या आदल्या वर्षी, १७ जुलै १९४७ ला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी कित्येकांना पाण्यातून काढलं, पण त्यांत आईचे मामा नव्हते. वय एकोणीस, मुंबईला नुकतेच गिरणीत लागलेले, घरी चालले होते. त्यांचं काहीच मिळालं नाही. आमच्या आजीचा तो पाठचा भाऊ. त्या दिवसापासून आजीने घरात बोटीचं नावच टाकलं. सगळा अलिबाग तालुका लाँचने मुंबईला जायचा-यायचा, आमच्या घरची माणसं मात्र एस.टी.ने पेण, पनवेल करत वळसा घालून. आईने हा नेम शहात्तराव्या वर्षापर्यंत पाळला होता. आम्हाला हे सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं.

आता आमच्या शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त, आणि मालकीची एक लांबट, अरुंद लोखंडी बोट. आम्ही त्यांना कप्तान म्हणतो. ही बोट रॉयल कॅनॉलवर असते. हा कालवा मलिंगारला तीन बाजूंनी घोड्याच्या नालेसारखा वेढा घालून जातो. १७९० मध्ये डब्लिनहून त्याचं काम सुरू झालं, १८०६ मध्ये तो मलिंगारला पोचला आणि १८१७ मध्ये शॅनन नदीला. लांबी १४६ किलोमीटर, लॉक ४६. पण पुढे एका रेल्वे कंपनीने १८४५ मध्ये आख्खा कालवाच विकत घेतला आणि त्याच्या काठाने रूळ टाकले. झालं, कालव्याचे दिवस भरले. आपल्या कोकणच्या बोटींचं रस्त्यांपुढे झालं, त्यातलाच प्रकार. १९६१ मध्ये तो वाहतुकीला अधिकृतपणे बंद झाला; पाणी आटलं, बोरू वाढले, काही ठिकाणी पूल खाली आणून रस्ते केले गेले.

तो परत सुरू झाला तो गावोगावच्या लोकांच्या चिकाटीमुळे. १९७४ साली रॉयल कॅनॉल अमेनिटी ग्रुप नावाची मंडळी एकत्र आली आणि शनिवार-रविवारी फावडी घेऊन चिखल उपसू लागली. आमचे कप्तान तेव्हा ऐन तारुण्यात. "लोक आम्हाला वेडे म्हणायचे," ते सांगतात. पुढे सरकारी यंत्रणा कामाला लागली, आणि २०१० च्या ऑक्टोबरात कालवा पुन्हा शॅननपर्यंत खुला झाला. म्हणजे छत्तीस वर्षं! आम्ही इंजिनिअर, शिक्षण इथलंच, प्रोजेक्टला सहा महिने उशीर झाला तर आमची झोप उडते.

क्रूझ बारगळल्याचं ऐकून कप्तान म्हणाले, "मग माझ्या बोटीतून चला. क्लोंड्रापर्यंत. तीन दिवस लागतील."

मलिंगार ते क्लोंड्रा गाडीने पाऊण तास लागतो. पण पुणेकरांचा तक्ता तयारच होता. बार्सिलोना खोडून क्लोंड्रा लिहिलं, चिवड्याच्या दोन्ही ओळी तशाच ठेवल्या. १५ ते १७ जुलै अशी तारीख ठरली. बोटीत झोपायची सोय चौघांची, प्रवासी आम्ही आठ आणि नववे कप्तान. तेव्हा ठरलं असं, की रात्री चौघं बोटीत राहतील आणि बाकीचे गाडीने घरी जाऊन झोपतील, सकाळी गरम नाश्ता घेऊन परत. रोज रात्री घरच्या गादीवर झोपणारे क्रूझचे प्रवासी जगात बहुधा आम्हीच!

आईला या वेळी विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाणी किती?" आम्ही उत्साहाने सांगितलं, की बोटीला चार फूट पाणी पुरतं, बहुतेक ठिकाणी उभं राहिलं तरी डोकं वर राहील, दोन्ही काठ हाताच्या अंतरावर. ती म्हणाली, "रामदासलाही किनारा दिसत होता रे." यावर आम्ही काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे देताना तिनेच सांगितलं, "पहिल्या लॉकपर्यंत येते. पुढे मला गाडीने घरी सोडा."

पहिला टप्पा छान गेला. मलिंगार ते कूलनाहे, सुमारे दहा किलोमीटर, एकही लॉक नाही. कालव्याचा हा सगळ्यात उंच भाग. ओवेल तळ्याचं पाणी एका पाटाने इथे येतं आणि इथून दोन्ही दिशांना उतरतं. बोट चालण्यापेक्षा जरा जास्त वेगाने जाते. काठाने, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढायचे, तिथे आता ग्रीनवे झाला आहे. मुलं त्यावरून सायकली हाणत आमच्या पुढे जायची, कंटाळून परत यायची आणि "अजून इथेच?" म्हणून विचारायची. आई डब्याच्या मध्यभागी, काठापासून शक्य तितकी लांब, लाइफ जॅकेट घालून ताठ बसली होती. जॅकेटच्या आत स्वेटर, वर शाल. मग बदकाची पिल्लं दिसली. मग गाई. तासाभराने ती खिडकीजवळ सरकली होती.

कूलनाहेला सव्विसावा लॉक. एक गोष्ट आमच्या इंजिनिअरच्या डोक्यात आलीच नव्हती : इथून पुढे सगळे लॉक उतरणीचे. म्हणजे बोट दगडी हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पुढच्या दाराच्या झडपा उघडल्या की पाणी निघून जातं आणि बोट आठ-नऊ फूट खाली जाते. दोन्ही बाजूंनी शेवाळलेल्या ओल्या भिंती वर येतात. आम्हाला ते पुस्तकातलं साधं तंत्र. पण ज्या बाईने आयुष्यभर बोट खाली गेल्याची गोष्ट ऐकली, तिला ते काय दिसणार?

ठरल्याप्रमाणे आई तिथे उतरली. पण आमची कन्या बोटीतच राहिली. आई काठावर उभी, आणि नात डोळ्यांदेखत खाली खाली चाललेली. आईने जे ओरडायला सुरुवात केली, की काठावरचे दोन सायकलवाले थांबले. "तिला वर काढा! आधी तिला वर काढा!" आम्ही धावत तिच्याकडे गेलो. कप्तानांना मराठी येत नाही, पण त्यांना कळलं. ते झडपेची किल्ली हातात घेऊन आईजवळ आले, तिला हौदाच्या पुढच्या बाजूला नेलं आणि बोटाने दाखवलं : पाणी आत येत नाहीये, बाहेर चाललंय. मग दार उघडलं आणि बोट संथपणे पुढच्या कालव्यात आली. कन्या हात हलवत होती.

आई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. "म्हणजे बोट बुडत नाही. पाणीच उतरतं," ती म्हणाली. गाडीत मात्र बसली नाही. "पुढचं दार बघू."

पुढच्या लॉकला तिने कप्तानांबरोबर दाराच्या लाकडी दांड्याला पाठ लावून जोर दिला. दोन माणसांच्या पाठीने ते अवजड दार हळूहळू सरकतं, हे पाहून तिला फार नवल वाटलं. त्याच्या पुढच्या लॉकला ती बोटीत बसली. डोळे मिटून, नातीचा हात धरून, पण बसली. चौथ्यापासून डोळे उघडे. दहाव्याला ती नागपूरकरांना सूचना देत होती, "अरे, आधी मागचं दार लाव, मग झडप!"

एका लॉकला किती पाणी लागतं याचा हिशेब आम्ही केला. हौद सुमारे ७५ फूट लांब, १३ फूट रुंद. उतार साडेआठ फूट धरला तर सव्वादोन लाख लिटरच्या वर जातं. आई म्हणाली, "म्हणजे दहा हजारांचे बावीस-तेवीस टँकर. आणि एका बोटीसाठी?" त्या दिवसापासून समोरून बोट येत असली की आम्ही तिच्यासाठी थांबायचो, एकाच पाण्यात एक उतरते, दुसरी चढते.

पहिली रात्र बॅलिनाकार्गीच्या धक्क्यावर. दहा वाजेपर्यंत उजेड, त्यामुळे धपाटे आणि दही बाहेरच खाल्लं. दुसऱ्या दिवशी अॅबीश्रूलजवळ व्हिटवर्थ जलसेतू आला. पाच कमानींवरून कालवा जातो आणि खालून इनी नदी. पाण्यावरून पाणी! पुणेकरांनाही क्षणभर पुण्यातलं काही आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी सायकलवाली मंडळी कीनाजवळ कॉर्लीचा लाकडी रस्ता पाहून आली. दलदलीवर ओकच्या फळ्या टाकून केलेला, इसवी सनापूर्वी १४८ चा. आपल्याकडे भाज्याची लेणी कोरत होते, साधारण त्याच काळातला.

वाटेत काठावर एके ठिकाणी आईला ब्राँझचे छोटे बूट दिसले. लहान मुलाचे, कुणी काढून ठेवावेत तसे. कप्तानांनी सांगितलं. १८४७ चा बटाट्याचा दुष्काळ. स्ट्रोक्सटाउनच्या जमीनदाराने आपल्या १,४९० कुळांना कॅनडाला पाठवायचं ठरवलं. बायका-मुलांसकट ती माणसं याच काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली, तिथून लिव्हरपूल, मग जहाजं. शेकडो जण समुद्रावर आणि पलीकडे उतरल्यावर तापाने गेले. आम्ही जिथून येत होतो तिकडे ते चालले होते. आईने वाकून त्या बुटांवर हात ठेवला. "यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहिली असेल," एवढंच म्हणाली.

क्लोंड्राचा रिचमंड हार्बर आला तेव्हा संध्याकाळ होत होती. शेवटचा, सेहेचाळिसावा लॉक, पुढे कॅमलिन नदी आणि मग शॅनन. त्या दिवशी आषाढी एकादशी होती, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस. आईने खाण्याआधी आमच्या खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान रुमालातून काढलं. धक्क्याच्या पायरीवर बसून ओंजळीने तीनदा पाणी सोडलं, त्यावर पान सोडलं.

"आज सतरा जुलै," ती म्हणाली. "मामाला कुणी पाणीच दिलं नव्हतं. आजी म्हणायची, येईल तो."

तारीख आम्ही ठरवली होती, तीही पुणेकरांच्या रजेच्या सोयीने. आईला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. तरी ती आली होती. आम्ही सगळे थोडा वेळ काही बोललो नाही. मग कप्तानांनी टोपी काढली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

मलिंगारला परतायला पाऊण तास लागला. तो फार झटकन संपला असं सगळ्यांचं मत पडलं.

कुणाला यायचं असेल तर अनुभवाचे बोल : रेनकोट माणशी एक आणि कप्तानासाठी एक जास्त; पकड चांगली असलेले बूट; सायकली अवश्य; इमर्जन्सी चिवडा दुसऱ्याच दिवशी संपतो, तेव्हा तो दुप्पट. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, तिकिटं मग काढा.

आई ऑगस्टमध्ये परत गेली. भाचा तिला घ्यायला मुंबई विमानतळावर आला होता. म्हणाला, "आत्या, आता अटल सेतू झालाय, गाडीने भुर्रकन जाऊ." आईने त्याला गाडी भाऊच्या धक्क्याला घ्यायला लावली. तिथून मांडव्याला रो-रो जाते, पावसाळ्यातसुद्धा. रात्री तिचा फोन आला.

"पोचले रे. तास लागला फक्त."

आम्ही विचारलं, "भीती वाटली?"

"वाटली की," आई म्हणाली. "पण खिडकीपाशी बसले होते."