सायलेन्सरच्या नटाला काय लावू?

लिपस्टिकच्या दोन शेड्समध्ये मी कधी इतकी अडकले नसेन, जितकी मागच्या महिन्यात नाना पेठेतल्या एका काउंटरवर दोन डब्यांमध्ये अडकले. एकात कॉपरची पेस्ट, दुसऱ्यात निकेलची. दुकानदार जाम वैतागला होता. "मॅडम, सायलेन्सरच्या नटालाच लावायचंय ना? कोणतंही घ्या!"

कोणतंही कसं, बॉस?

बाइक बाबांची आहे. १९९९ सालची हीरो होंडा स्प्लेंडर. पावस ते रत्नागिरी, रोज भाट्याच्या पुलावरून, बँकेत नेऊन-आणून तिने बाबांना रिटायर केलं. मोतीबिंदू वाढला तेव्हा बाबांनी ती माझ्या हवाली केली, सोबत सर्व्हिसिंगची डायरी. पुण्यात फ्रीलान्सरचं दुचाकीशिवाय पान हलत नाही (आणि मानधनाचे चेक ज्या वेगाने येतात, त्या वेगाने नवी गाडी घ्यायची तर मीच रिटायर होईन), त्यामुळे मी सॉलिड खूश होते.

मग आवाज सुरू झाला. इंजिनातून बेंड पाइप निघतो ना, तिथून फट् फट्. पॅकिंग गेलं होतं. किरकोळ काम. मेकॅनिकमामांनी नटाला पाना लावला, जोर दिला आणि नट फिरायच्या ऐवजी स्टडच तुटला. अर्धा हेडच्या आत.

"ताई, कोकणातली गाडी ना? मिठाने खाल्लीय."

मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं. स्टड पोलादी, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारी ओल, म्हणजे तिथे छोटीशी बॅटरीच तयार होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. वर रोजचं तापणं-निवणं. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बाहेर नट गंजून स्टडशी एकजीव झालेला, आत स्टड हेडशी. एवढ्या वर्षांनी पाना लावल्यावर मग जे सगळ्यात बारीक, ते तुटतं. तुकडा ड्रिल करून काढला, आटे गेले, म्हणून आत हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवले. लेथवाल्याने बजावलं, "परत तुटला तर हेडच बदला." बाबांच्या डायरीत हेड बदलल्याची एकही नोंद नाही, आणि ती माझ्या अक्षरात व्हावी असं मला अजिबात वाटत नव्हतं.

तर, अँटी-सीझ. ग्रीसमध्ये धातूची अगदी बारीक पूड. ग्रीस तापून उडून जातं, पूड आट्यांमध्ये राहते आणि नट-स्टडला एकमेकांना मिठी मारू देत नाही. साधं ग्रीस इथे कामाचं नाही, ते जळून कोळसा होतं.

डब्यांवर तापमानाचे भारदस्त आकडे असतात. कॉपर साधारण हजार अंश सेल्सिअसपर्यंत, निकेल तेराशेच्याही पुढे. पण स्प्लेंडरचे हे आटे कॉपरच्या मर्यादेच्याही जवळ जात नाहीत. म्हणजे आकडा बघून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. बघायचं ते हे, की गाडी राहते कुठे. कोरड्या हवेत कॉपर झकास चालतं, पुण्यात राहणाऱ्या बाइकला मी तेच लावलं असतं. पण खाऱ्या ओलीत तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी नको. ही जोडी पोलाद-अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही वाईट भांडते.

आता प्रश्न असा, की ही गाडी पुण्याची की पावसची? मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांचं एकच पालुपद सुरू आहे. "अगो, डॉक्टर म्हणालेत, नजर स्वच्छ आहे. गाडी कधी आणत्येस?" आईचा ठाम नकार. वय काय, रस्ते काय, पुलावरचा वारा काय! मला दोघांचंही पटतं, हाच प्रॉब्लेम.

मी निकेल घेतलं. कॉपरपेक्षा महाग.

लावताना रबरी हातमोजे घाला. खोट्या कानातल्यांनी ज्यांच्या कानाला पुरळ येतं, त्यांनी तर नक्कीच, कारण तिथला गुन्हेगारही बहुतेक वेळा निकेलच असतो. आटे ब्रशने स्वच्छ करून पातळ थर पुरतो. लोणी थापल्यासारखं लावू नका. आणि मुख्य म्हणजे नट नेहमीच्या जोराने आवळू नका. पेस्टमुळे आटे गुळगुळीत होतात आणि तेवढ्याच जोरात स्टडवर ताण जास्त येतो. कंपनीचा टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल, तर त्याहून कमीच हवा. तुमची बाइक एप्रिल २०२० नंतरची, बीएस-सिक्स असेल, तर सायलेन्सरजवळच्या ऑक्सिजन सेन्सरला ही पेस्ट सरसकट फासू नका. नव्या सेन्सरच्या आट्यांना बऱ्याचदा पेस्ट लावूनच येते. ब्रेकच्या आसपास तर डबा उघडूसुद्धा नका.

रात्री बाबांना फोन केला. निकेल म्हटल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे गाडी इकडे येत्ये तर," बाबा म्हणाले. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "डायरीत तारीख लिही हो. पुढच्या मे महिन्यात नट उघडून बघू."