दाईमायचा अंगठा

अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना माझ्या एकटीच्या नावाने आला. कार्डावर माझा फोटो आहे, माझ्या बोटाचा ठसा आहे. ज्या फाइलीच्या जोरावर ते मिळालं, तिच्यात कळंबच्या किती माणसांनी आपापली भर घातली होती, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

2012 साली मी जर्सी सिटीत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करत होते. स्थळ आलं ते वर्ध्याहून, मोठ्या आईच्या बहिणीकडून. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. मुलगा दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेलेला, तिथला नागरिक झालेला, आणि राहायला माझ्यापासून अर्ध्या तासावर. इतक्या जवळ राहणाऱ्या आम्हा दोघांची गाठ घालून दिली ती वर्धा आणि कळंबच्या दोन बहिणींनी, फोनवर बोलून. लग्नाआधी भेटी झाल्या त्या मोजक्याच, आणि त्याही त्याच्या आईवडिलांसमोर, चहापोह्यांच्या. डिसेंबरात कळंबला लग्न झालं. वेचणी चालू होती, घरोघरी कापसाचे ढीग होते, तरी सगळी आळी मांडवात होती.

नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला वार्षिक कोट्याची रांग नसते. नोकरीच्या वाटेने जाणाऱ्या भारतीयांना मात्र वर्षानुवर्षं थांबावं लागतं. साहजिकच कागदावरची लग्नं होतात, आणि म्हणून प्रत्येक लग्न तपासलं जातं. 1986 च्या कायद्याने तर लग्नाला दोन वर्षं झालेली नसली की मिळणारं कार्डही दोनच वर्षांचं, अटीवरचं. दोघांनी मिळून मुलाखतीला जायचं आणि आपला संसार खरा आहे हे पटवून द्यायचं. प्रेमविवाह केलेल्यांकडे निदान फिरायला गेल्याचे फोटो असतात. आमच्याकडे होते ते लग्नातले. एकेका फोटोत तीस-चाळीस माणसं आणि मध्ये कुठेतरी आम्ही दोघं.

पण वकीलबाईंनी पहिल्यांदा मागितला तो माझा जन्माचा दाखला, आणि माझ्या जन्माची नोंदच नव्हती.

1984 साली, पोळ्याच्या आदल्या रात्री, आई घरीच बाळंत झाली. बाबा कामासाठी नागपूरला होते. जवळ दोघीच, मोठी आई आणि आमच्या आळीची सुईण. तिला सगळे दाईमाय म्हणत. पुढे ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायला हवी होती, ती घरातल्या कुणी केली नाही. त्या वेळी आमच्याकडे अशी कितीतरी मुलं होती. शाळेत नाव घालताना सांगितलेली तारीख हीच त्यांची जन्मतारीख. वकीलबाई म्हणाल्या, नोंद नसल्याचा सरकारी दाखला आणा, शाळा सोडल्याचा दाखला आणा, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या, या अर्जात स्वतः पक्षकार नसलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं आणा.

लग्नासाठी कळंबला गेले तेव्हा हळदीच्या आधी हीच कामं केली. ग्रामपंचायतीतल्या बाबूंनी त्या काळातली रजिस्टरं काढली. वर्ष मागेपुढे झालं असेल म्हणून आधीचंही काढलं, नंतरचंही. प्रत्येक पानावर बोट फिरवत ते खाली उतरायचे आणि मी समोर बसून त्या बोटाकडे बघत राहायचे. आमच्या आळीतली नावं येत होती, माझं येत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "नाही सापडलं ताई. पण नाही म्हणून देतो ते असं पक्कं देतो, की कोणी बोट ठेवणार नाही." आणि तसाच दाखला त्यांनी दिला, तारखा, रजिस्टरांचे क्रमांक, सगळं घालून.

तहसील कचेरीत मोठ्या आईचा हात धरून दाईमाय आली. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, एका डोळ्याने कमी दिसायचं, पण पाठ ताठ. अर्जनवीस बाहेर टेबल टाकून बसले होते. त्यांनी वय विचारलं. "तुले वाटते ते लिही," ती म्हणाली. धंदा विचारला आणि उत्तराची वाट न बघता 'शेतमजुरी' लिहायला घेतलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाईच्या नावापुढे दुसरं काय लिहितात? मोठ्या आईने ते वाचून दाखवलं तेव्हा दाईमायने टेबलावर हात ठेवला.

"मजुरी नाही. बाळंतपणं केली म्यां. तेच लिही."

अर्जनवीसांनी तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. मग ती सांगत गेली. दिवसभर पाणी लागून होतं. वीज गेली होती. कंदील मोठ्या आईने धरला होता. पोर पायाळू होती, म्हणून वेळ लागला. नाळ तिने स्वतः कापली. बैल धुवायला माणसं नदीवर निघाली तेव्हा मी रडले. माझ्या जन्माची ही हकिकत मी तोपर्यंत ऐकलेली नव्हती. आईला विचारायचं राहून गेलं होतं आणि दुसऱ्या कुणाला विचारावं हे सुचलं नव्हतं. अमेरिकेच्या सरकारने कागद मागितला नसता, तर मी कशी जन्मले हे मला कळलंच नसतं.

सही म्हणून अंगठा. मोठ्या आईने तिचं मनगट धरलं, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. पहिला ठसा नुसता डाग उठला. उभा जन्म पाण्यात, राखेत, मातीत गेलेला तो अंगठा, रेषा झिजून गेलेल्या. अर्जनवीसांनी फडक्याने तो पुसला, पॅडची शाई थोडी कमी केली आणि आजी, हळूच टेका म्हणाले. दुसऱ्यांदा रेषा उमटल्या. मधे एक आडवी चीर होती, विळ्याची असावी. तीही उमटली.

बाबांनी पैसे पुढे केले, ते तिने परत केले. मग लुगडं दिलं, ते मात्र घेतलं. म्हणाली, "हे तुह्या जन्माचंच राह्यलं होतं." तेव्हा मोठी आई रडायला लागली. मुलगा झाला की दाईला लुगडं आणि मुलगी झाली की पायलीभर ज्वारी, अशी आमच्या घरची रीत होती. माझ्या वेळी ज्वारीच दिली होती. अठ्ठावीस वर्षं ती बाई आमच्या दारावरून येत-जात होती, पण तो विषय तिने एकदाही काढला नव्हता.

जाताना तिने कागदाची झेरॉक्स मागितली. "याच्यावर माहं काम लिवलं हाय ना?" एवढंच विचारलं. तिच्या हातून किती मुलं जगात आली याचा हिशोब कळंबमध्ये कुणाकडे नाही. तिच्या कामाची दखल घेणारा, तिच्या शब्दाला साक्ष मानणारा तिच्या हयातीतला तो एकच कागद, आणि तोही एका परक्या देशाने मागितलेला. मला याची आजही लाज वाटते.

त्या सगळ्या कागदांचं इंग्रजी आमच्या शाळेतल्या निवृत्त सरांनी केलं. दाईमायच्या प्रतिज्ञापत्रातला कंदील आणि पाऊस गाळा, असं त्यांना कुणीतरी सुचवलं. सरांनी ऐकलं नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यालाच कंदील आठवतो, असं ते म्हणाले. लग्नाच्या नोंदणीला नवरानवरीबरोबर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. ती सगळी माणसं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामंधामं टाकून आली. जर्सी सिटीत न्यूअर्क अॅव्हेन्यूजवळच्या आमच्या घरमालकीणबाईंना, त्या गुजराती बांना, मी फक्त भाडेकरारात दोघांची नावं घाला म्हटलं होतं. त्यांनी करार नव्याने केला आणि वर स्वतःहून पत्र लिहून नोटरीकडून शिक्का मारून आणला, की ही दोघं माझ्या माडीवर राहतात आणि रोज संध्याकाळी मला त्यांच्या फोडणीचा वास येतो.

मुलाखतीच्या आदल्या रात्री सासऱ्यांनी आम्हाला जुन्या गोष्टी सांगितल्या. 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीयांना नागरिकत्व मिळणार नाही. नागरिकत्वाला अपात्र माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचं नागरिकत्वही तेव्हा जात असे. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांचं असंच गेलं. जे. जे. सिंग यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं वॉशिंग्टनचे उंबरे झिजवत राहिली, तेव्हा 1946 साली ल्यूस-सेलर कायदा झाला आणि वर्षाला 100 भारतीयांना दार उघडलं. 1965 च्या कायद्याने ते मोठं झालं. सासरे म्हणाले, "उद्या तिथे बसाल तेव्हा यांचीही आठवण ठेवा." त्या रात्री मला भीतीपेक्षा आधार जास्त वाटला.

2013 च्या उन्हाळ्यात, जर्नल स्क्वेअरहून पाथ गाडीने न्यूअर्कला उतरलो आणि चालत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पीटर रोडिनो फेडरल बिल्डिंगमध्ये गेलो. दार उघडून आमची नावं पुकारली गेली. अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. आम्हाला उभं करून, उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ दिली. मग अर्जातल्या एकेका उत्तरावर लाल पेनने खूण करत गेल्या. मी कधी कम्युनिस्ट पक्षात होते का, 1933 ते 1945 या काळात नाझींच्या छळात माझा हात होता का, हेही विचारलं. प्रत्येकाला तेच प्रश्न असतात.

नंतर त्या आमच्याकडे वळल्या. कसे भेटलात? मी वर्धा आणि कळंबच्या दोन बहिणींचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण लिहिलं काहीच नाही. लग्नाचा अल्बम मागितला. चिंतामणीच्या देवळातला एक फोटो होता. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, शेजारी कुंड आहे. इंद्राने तप केलं ती ही जागा आणि कुंडातलं पाणी बारा वर्षांनी चढून देवाच्या पायांना लागतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. फोटोत आम्ही नवपरिणीत दोघं पायऱ्या चढून वर येतो आहोत आणि माझ्या पुढे एक म्हातारी आहे, नव्या लुगड्यात.

अधिकारी बाईंनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "या कोण? तुमच्या आजी?"

तो म्हणाला, "नाही. हिच्या जन्माच्या वेळी ज्यांनी बाळंतपण केलं त्या. तुमच्या फाइलीत त्यांचा अंगठा आहे." आणि मग तो बोलतच गेला. लग्नात जेवणं झाल्यावर तो एकटाच तिच्याजवळ जाऊन बसला होता, हे मला माहीत होतं. काय बोलले ते माहीत नव्हतं. पाऊस, कंदील, पायाळू पोर, नदीवर निघालेली माणसं, सगळं त्याने तिच्याकडून ऐकून घेतलं होतं. कागदात नव्हतं तेही त्याला माहीत होतं. मी रडले तेव्हा माझी आई हसली होती आणि 'हिला खूप शिकवायचं' म्हणाली होती. हे त्याने त्या कचेरीत, शपथेवर, इंग्रजीत सांगितलं आणि मी ते पहिल्यांदा ऐकलं.

बाईंनी फाइल मागे चाळली. प्रतिज्ञापत्र सापडलं. अंगठ्याचा ठसा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून त्या थोडा वेळ बघत राहिल्या. बँकेचे कागद त्यांनी वरवर पाहिले. आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारायची वेळ आली नाही. संशय असला की तसं करतात. आमचं मात्र तिथेच संपलं आणि मंजुरीचं पत्र काही दिवसांनी पोस्टाने आलं.

मी मोठ्या आईला फोन केला. तिने तो तसाच हातात धरून दाईमायचं घर गाठलं आणि मला तिच्याशी बोलायला लावलं. दाईमायला कार्डाचं काही नव्हतं. तिने विचारलं, "त्या बाईनं वाचलं काय, माह्या कागदातलं?" वाचलं, म्हटलं. सगळं? सगळं.

दोन वर्षांनी अट काढून टाकण्याचा अर्ज केला, तेव्हा फाइलीत कराचे कागद होते, विम्याचे होते, मुलीचा जन्मदाखला होता. ती मंजुरी मुलाखतीशिवायच आली. दाईमाय 2016 साली गेली. मला जाता आलं नाही. बाबा आणि मोठी आई शेवटपर्यंत होते.

2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. त्यानंतर मी गेले ती त्याच गाडीने. आधी चिंतामणी, मग दाईमायचं घर, असा मोठ्या आईचा दंडक आहे. दाईमायची सून चुलीपाशी होती. मी एकटीच गेले होते, नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, मुलीची चौकशी केली, पण ताट काही वाढलं नाही.

"जावयाले संगं आणशील तवा जेव," ती म्हणाली. "त्यानं आमच्या बुढीचं नाव तिकडं सायबासमोर घेतलं म्हणते. पयले त्याले जेवू घालतो, मग तुले."